पुडिंगप्रकरणी व्याह्यांना नोटीस

१२ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

नमस्कार. एवढा एक नमस्कार नात्यातला समजावा, बाकीचं पत्र नोटीस म्हणून वाचावं. मी फोन करू शकलो असतो. पण दिवाणी कोर्टात कारकुनी करण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, त्यामुळं बोललेल्यावर माझा भरवसा नाही. जे काय असेल ते कागदावर असू दे.

प्रकरण तुम्हाला ठाऊक आहेच, तरी रीतीप्रमाणे मांडतो. माझी मुलगी आणि तुमचे चिरंजीव यांचं लग्न ठरलं म्हणून गेल्या रविवारी दुपारी तुम्ही दोन्ही घरच्यांना तुमच्याच हॉटेलात, वरच्या हॉलमध्ये, जेवायला बोलावलंत. जेवण फर्मास होतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. सूप झालं, भाजलेली कोंबडी झाली, बटाटे झाले, मग मी दोन शब्द बोललो, मग थंड पुडिंग झालं आणि आम्ही मंडळी बसने आमच्या गावी निघालो. अर्ध्या वाटेवर, आमच्याच गल्लीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला पहिली उलटी झाली. तिच्या पाठोपाठ तिचे यजमान, म्हणजे आमचे मेहुणे. मग मी. ड्रायव्हरनं गाडी इतक्यांदा थांबवली की मागच्या सीटवरची पोरं आता कुणाची पाळी यावर पैजा लावायला लागली.

बाळीला (कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, घरात बाळीच) दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागलं. ती पोहायला शिकवते, अंगानं काटक आहे, पण दोन दिवस तिला उशीवरून मान उचलवत नव्हती. आता घरी आलीय आणि पातळ खिचडीवरून माझ्याशी भांडतेय, म्हणजे सुधारतेय. डॉक्टरांनी 'अन्नातून विषबाधा' असं लिहून सही-शिक्का दिला आहे.

आता माझ्यापुढं कायद्यानं कोणते मार्ग आहेत ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही तयारीला वेळ मिळेल. पहिला, अन्न निरीक्षकांकडे तक्रार. ते येऊन स्वयंपाकघर बघतात, नमुने नेतात. त्यातून आम्हाला भरपाई मिळत नाही, पण अहवाल मिळतो आणि अहवाल म्हणजे पुरावा. दुसरा, ग्राहक न्यायालय. तिथं वकिलाशिवायही उभं राहता येतं. पण इथं घोडं अडतं. ग्राहक म्हणजे ज्यानं पैसे दिले तो. मी खिशात हात घातला तेव्हा तुम्ही तो धरून 'लाजवता काय आम्हाला' म्हणालात. बिल नाही, म्हणून आम्ही ग्राहक नाही, नुसते पाहुणे ठरतो. तुमचं ते अगत्य आता आमच्या मुळावर आलं आहे. तिसरा मार्ग, निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा. त्याला बिलावाचून अडत नाही, पण अन्न तुमचं, हयगय तुमची आणि आजार त्याच अन्नानं झाला, हे तिन्ही आम्हाला शाबीत करावं लागतं. चौथा, आपसात तडजोड. शहाणी माणसं याच वाटेनं जातात, पण आधी समोरच्याला बाकीच्या तिन्हींची भीती घालून. ती मी वर घातलेली आहे.

या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत लग्नाची तारीख ठरवता येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. वादी आणि प्रतिवादी यांनी मधल्या काळात एकमेकांच्या मुलांची लग्नं लावल्याचं मी नोकरीत कधी पाहिलं नाही.

विहीणबाईंना नमस्कार. त्या नोटिशीत नाहीत.

तुमचा होऊ घातलेला व्याही


१७ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

तुमचं पत्र आलं ते मी गल्ल्यावर बसूनच वाचलं. एवढी स्वच्छ मांडणी मी पहिल्यांदा बघितली. आमचे वकील मला इतकं समजावून कधी सांगत नाहीत. मुलीला सलाईन लावावं लागलं हे चिरंजिवांकडून कळलं होतं, पण तुमच्या हातचं वाचून जास्त वाईट वाटलं. दवाखान्याचा आणि औषधांचा सगळा खर्च माझ्याकडं. त्याला दावा कशाला हवा, मुलगी आमचीही आहे.

तुमचे चारही मार्ग मी हिला वाचून दाखवले. पहिला मार्ग तुम्ही जरूर घ्या, निरीक्षक आले तर त्यांना मी स्वतः भटारखाना फिरवून दाखवीन. आमचा मोठा आचारी थोडा तापट आहे, त्याला आधी सांगून ठेवतो. दुसऱ्या मार्गाचं वाचून मात्र मी चुटपुटलो. तुमची एक हक्काची वाट माझ्या आगाऊपणामुळं बंद व्हावी हे मला काही बरं वाटेना. म्हणून सोबत बिल जोडलं आहे. त्या रविवारचं, तुमच्या नावचं, खाली 'पैसे पोचले' असा शिक्काही मारला आहे. आता तुम्ही ग्राहक झालात. दावा लावताना अजून कसले कागद लागले तर कळवा, लाजू नका.

आमच्याकडं सगळं ठीक आहे. आमच्या बाजूच्या कुणाला काही झालं नाही. अक्षर थोडं हललं असेल, पेन नीट चालत नाहीये.

एकच मागणं आहे. चिरंजीव दर एक-दोन दिवसांनी तुमच्याकडं येतो, त्याला दारातून परत पाठवू नका. सूप तो स्वतः करून आणतो. हॉटेलमधलं नसतं, घरचं असतं. हेही लेखी देतो.

तुमचा व्याही (होऊ घातलेला तुम्ही म्हणता, मी तर होऊनच बसलोय)


२४ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

बिल परत पाठवत आहे. अहो, मागची तारीख टाकून केलेलं, पैसे न घेता 'पोचले' म्हणणारं बिल म्हणजे बनावट दस्तऐवज. मी दावा लावायचा तुमच्यावर आणि आत जायचं मी. शिवाय एक प्रेमाची सूचना. प्रतिवादीनं इतकं सहकार्य करू नये. वादीचा हुरूप जातो. तुम्ही थोडं तरी हात वर करा, 'आमचा काही संबंध नाही' असं म्हणा, म्हणजे मला पुढचं पाऊल टाकायला बरं पडेल.

तक्रार मी काल अन्न निरीक्षकांच्या कार्यालयात दिली. सोबत मुद्देमालही दिला. तुम्हाला ठाऊक नसेल, माझी थोरली बहीण कुठंही जाताना पिशवीत एक रिकामा डबा घेऊन जाते. तुमच्याकडून निघताना तिनं उरलेल्या पुडिंगनं तो भरून घेतला. घरी आल्यावर, एवढं सगळं झाल्यावर, ती म्हणाली टाकून देते. मी म्हटलं खबरदार, तो पुरावा आहे. तेव्हापासून डबा आमच्या फ्रिजमध्ये होता, वर चिठ्ठी चिकटवून, 'कुणीही खाऊ नये'. खरं म्हणजे ती चिठ्ठी मेहुण्यांसाठी होती. ते अजून टोस्टवर आहेत, पण फ्रिजपाशी घुटमळताना मी त्यांना पाहिलं आहे.

तुमच्या बाजूच्या कुणालाच काही झालं नाही, ही गोष्ट मला खटकते. तेच टेबल, तेच भांडं. मग आमच्या वाढपात काही वेगळं होतं का? आरोप करत नाही, फक्त प्रश्न विचारून ठेवतो.

चिरंजीव येतात. मी त्यांना घरात घेतो, कारण ते प्रकरणात पक्षकार नाहीत. परवा सूप प्यायल्यावर बाळीनं त्यांच्यादेखत मला विचारलं, "बाबा, दावा किती दिवस चालतो?" मी म्हटलं, दिवाणी आहे, काही वर्षंसुद्धा चालतो. ती हसली. चिरंजीव गेल्यावर मात्र न जेवता आत जाऊन पडली. मी दाराशी जाऊन विचारलं तर म्हणाली, पोटात दुखतंय. डॉक्टरांनी तर पोट बरं झालं असं सांगितलंय.

निरीक्षकांचा अहवाल आल्यावर पुढचं ठरवू. तोवर तारखेचा विषय काढू नये.

तुमचा (सध्या) वादी


१६ मार्च

व्याहीबुवा,

निरीक्षक येऊन गेले. बाई होत्या, फार नेमक्या. आचाऱ्याला त्यांनी हात कसे धुतोस ते करून दाखवायला सांगितलं, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं, पण त्यानं धुऊन दाखवले. काल अहवाल आला. तुमच्या डब्यातलं पुडिंग बिघडलेलं निघालं. अंडी आणि क्रीम असलेला पदार्थ, त्यात जंतू वाढले. सुधारणेची नोटीस आम्हाला मिळाली आहे. वरचा हॉल त्यांची पुन्हा तपासणी होईपर्यंत बंद राहील, खालचं चालू आहे.

चूक आमची आहे. निरीक्षकांच्या जबाबात मी तसं लिहून सही केली आहे आणि तुम्हालाही तसंच लिहून देतो. आता तुम्हाला शाबीत करण्यासारखं काही उरलं नाही. भरपाई तुम्ही म्हणाल ती, तडजोडीचा कागद तुम्ही लिहाल तो, मी न वाचता सही करीन. फक्त मुलांचं अडवून ठेवू नका. चिरंजीव तुमच्याकडून आला की थेट गच्चीवर जाऊन बसतो. तो लहानपणापासून असाच आहे, दुखलं की उंच जागा शोधतो. त्याला बघवत नाही.

तुमचा व्याही


१८ मार्च

भाऊ,

व्याही म्हणायला मला जड जातं, म्हणून भाऊच म्हणते. हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. भिडेपोटी ह्यांनी तुम्हाला जे लिहिलं, त्यात लबाडी नाही, पण अर्धंच आहे. राहिलेलं अर्धं मी लिहिते. मला भीडबीड काही नाही.

आधी पेनचं. पेन उत्तम चालतं. हेच चालत नव्हते. त्या रात्री तुमच्याकडं जे झालं तेच आमच्याकडंही झालं. चिरंजीव, माझी जाऊ, मी, सगळी आडवी. ह्यांनी तर दोन वाट्या खाल्ल्या होत्या; आम्ही दोन दिवसांत उठलो, हे आठवडा उलटला तरी अंथरुणातच. तुम्हाला पहिलं उत्तर लिहिलं ते पांघरूण घेऊन, बादली शेजारी ठेवून, आणि लिहितात काय तर 'गल्ल्यावर बसून वाचलं'. मी म्हटलं खरं कळवा. तर म्हणाले, ते बिचारे आजारी, त्यात आपलं रडगाणं कशाला. तुम्हाला संशय येईल हे ह्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आता पुडिंगचं. आमच्या आचाऱ्याची एक पद्धत आहे. जे शिजेल त्यातलं चमचाभर तो छोट्या बाटलीत काढतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. उद्या कुणी बोट दाखवलं तर पदार्थ हजर असावा म्हणून. निरीक्षक बाईंनी तुमच्या डब्याबरोबर ती बाटलीही नेली होती. दोन्हींचे अहवाल एकाच दिवशी आले. तुमच्या डब्यातलं खराब, बाटलीतलं एकदम चोख. एकाच पातेल्यातलं पुडिंग, भाऊ. तुमच्यासारख्या कोर्टातल्या माणसाला मी काय सांगायचं. ते भटारखान्यातून निघालं तेव्हा चांगलं होतं. बिघडलं ते वर हॉलमध्ये.

हॉलमध्ये का बिघडलं, तर तुमच्या भाषणामुळं.

रागावू नका, पुढचं वाचा. कोंबडी संपत आली तशी हॉटेलातल्या पोरांनी पुडिंग वर आणून मागच्या टेबलावर मांडलं, लगेच वाढायचं म्हणून. तेवढ्यात तुम्ही उठलात आणि नेमके त्या टेबलापुढं उभे राहिलात. तुम्ही त्याला दोन शब्द म्हणता. अहो, तुमचे मेहुणे मधे एक झोप काढून उठले. हॉलमध्ये माणसं खच्चून भरलेली, पंखे आवाज करतात म्हणून तुम्हीच बंद करायला लावलेले, आणि पुडिंग तुमच्या पाठीशी घाम गाळतंय. वाढप्या दोनदा पुढं आला. दोन्ही वेळा तुम्ही हसून म्हणालात, "काम चालू आहे, मधे उठायचं नाही." सगळे हसले. तिसऱ्यांदा तो आला तर ह्यांनीच त्याला हात करून थांबवलं.

आमच्याकडं नियम आहे, क्रीमचा पदार्थ तासाभराहून जास्त बाहेर राहिला तर तो वाढायचा नाही, सरळ टाकायचा. नियम ह्यांचाच आहे. आचारी जिन्यात येऊन ह्यांच्या कानाशी लागला की टाकून देऊ, मी फळं कापतो. हे म्हणाले, व्याह्यांसमोर पुडिंग उचलून कचऱ्यात टाकलं तर त्यांना वाटेल माझ्या बोलण्यानं वाया गेलं. नको, वाढ. मग स्वतः आधी दोन वाट्या खाल्ल्या, काही असलं तर मला आधी कळेल म्हणून. पोट काय मिनिटात सांगतं का?

तर चूक ह्यांचीही आहे, मी पांघरूण घालत नाही. पण ह्यांनी तुम्हाला थांबवलं का नाही ते तुम्हाला कळायला हवं. तुम्ही मुलीच्या जन्मापासून सुरुवात केलीत. तिची आई गेली ते सांगितलंत, मग शाळेचा पहिला दिवस, मग वेणी घालायला तुम्ही शेजारणीकडून कसे शिकलात ते. मग सहावीतल्या पोहण्याचं आलं. ती काठ सोडून पहिल्यांदा एकटी पलीकडं गेली आणि तुम्ही बुटांसकट पाण्यात उतरलात. तेव्हा आमचा आचारी, जो वाढप्यांना रडवतो, तो दारात उभा राहून डोळे पुसत होता. हे मला रात्री म्हणाले, पोट धरून म्हणाले, "त्या माणसाला मी काय सांगू, तुझी मुलगी बाजूला ठेव, माझं क्रीम वितळतंय?"

मग तुमच्या मेहुण्यांनी जागे होऊन टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं संपलं, सगळ्यांनी वाजवल्या, आणि तुम्ही बसलात. तुमचं संपलं नव्हतं, हे मी तुमच्या तोंडाकडं बघून ओळखलं होतं.

आता दावा कुणावर लावायचा ते तुम्ही ठरवा.

विहीण


२६ मार्च

विहीणबाई आणि व्याहीबुवा, दोघांना मिळून,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, हे लपवत नाही. दुसऱ्यांदा वाचताना तोंड लपवायला जागा सापडेना. मग बहिणीला विचारलं, माझं भाषण खरंच लांबलं होतं का. ती म्हणाली, "लांबलं म्हणजे काय, मला वाटलं आज आपण इथंच मुक्काम करतोय." मेहुण्यांनी या मुद्द्यावर मत द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, ते काही काळ गैरहजर होते.

कायद्याचं सांगतो, कारण तेवढंच मला येतं. नुकसानीत वादीचाही हातभार असला तर कोर्ट तेवढ्यापुरती त्याची मागणी कमी करतं. इथं पंखे वादीनं बंद केले, वाट वादीनं अडवली, वाढप्याला वादीनं दोनदा हुसकावलं. मागणी कमी करत गेलो तर मीच तुमचं देणं लागतो असं दिसतंय. पण शिक्षा झालीच तर तुमची कोठडी माझ्या शेजारीच असावी असं मला वाटतं, कारण स्वतःचा नियम मोडून तुम्ही वाढलंत, आणि एवढे आजारी असून मला 'ठीक आहे' लिहिलंत. दोन्ही गोष्टी भिडेनं केल्यात. भीड हा कायद्यात बचाव होत नाही.

परवा मी निरीक्षकांच्या कार्यालयात गेलो. एकदा दिलेली तक्रार मागे घेऊन प्रकरण मिटत नाही, आणि तसं मिटूही नये, उद्या दुसऱ्या कुणाच्या ताटाचा प्रश्न असतो. म्हणून मी पुरवणी जबाब दिला. पुडिंग कुठं, कशामुळं आणि कुणामुळं बाहेर राहिलं ते सगळं लिहिलं. बाईंनी वाचून चष्मा काढला आणि विचारलं, भाषण कशावर होतं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या लग्नात माझे वडील दोन ओळीसुद्धा बोलले नव्हते. हॉलची तपासणी येत्या आठवड्यात लावते, असं त्या म्हणाल्या आहेत.

आता जे सांगायचं ते सांगतो. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते बाळीला दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि शांतपणे विचारलं, "बाबा, तुम्हाला दावा जिंकायचाय की लग्न लांबवायचंय?" मी चिडलो. कायदा, तत्त्व, लोकांचं आरोग्य, सगळं बोलून झालं. ती नुसती बघत राहिली. तिच्या आईचीच सवय आहे ती. शेवटी मी म्हणालो की मला दावा नकोच होता. बसमधून तिला उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा मी घाबरलो होतो, तितकं खरं. पण ती बरी झाली आणि घरात पुन्हा आम्ही दोघंच उरलो, सकाळी खिचडीवरून भांडायला लागलो, तेव्हा मला फार बरं वाटलं. वाटलं, हे असंच थोडं चालू दे. नोटीस लिहिली की तारीख पुढं जाते, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. मी ते घरात वापरलं.

ती रडली. मग मीही. मग आम्ही खिचडी खाल्ली.

नोटीस मागे घेतो. भरपाई नको. लग्नाची तारीख तुम्ही ठरवा, मी हरकत घेणार नाही. चिरंजिवांना गच्चीवरून खाली बोलवा.

तुमचा अपराधी व्याही


१ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमचं पत्र मी हिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि मग आचाऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्यांना सांगा, पुढच्या खेपेला बर्फात ठेवून वर आणीन, मग बोला हवं तितकं. त्याच्या तोंडून एवढं गोड मी तो कामाला लागल्यापासून ऐकलं नाही. हॉलची तपासणी पार पडली, हॉल उघडला. चिरंजीव खाली आला आहे आणि काल त्यानं चार माणसांचं जेवण एकट्यानं खाल्लं.

तारीख ठरवायला हवी, ती ठरवू. पण त्याआधी एक काम राहिलंय आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही. तुम्ही भरपाई नको म्हणालात, ते मान्य. पण माझ्या हॉलमध्ये तुमचं बोलणं अर्धवट राहिलं, त्याची भरपाई मला द्यायची आहे.

सोमवारी आमचं हॉटेल बंद असतं. या सोमवारी तुम्ही या. वरचा हॉल मोकळा असेल, पंखे बंद ठेवू. टेबलावर काहीही खाण्याचं ठेवणार नाही, त्यामुळं बिघडण्यासारखं काही नसेल. मी असेन, ही असेल, आचारी म्हणाला सुटी असली तरी येतो. मुलांना बोलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही सहावीपर्यंत आला होतात. मुलगी आमच्या घरात यायची, तर सहावीनंतरची आम्हाला अजून ठाऊकच नाही.

तुमचा व्याही


५ एप्रिल

व्याहीबुवा,

सकाळच्या बसने येतो. एकटाच येतो. बाळीला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही जा बाबा, माझ्यासमोर तुम्हाला ते जमायचं नाही." ती बरोबर आहे.

सातवीपासून सुरू करीन. बारावीनंतर ती शिकायला परगावी गेली, तिथं जरा थांबावं लागेल, पाण्याचा ग्लास असू दे. मेहुणे येत नाहीत, म्हणजे या वेळी टाळ्या कुणी वाजवणार नाही. शेवट माझा मलाच करता यायला हवा. तो झाला की तिथंच बसून तारीख ठरवू.

तुमचा व्याही